एका हातानं उचललेली खोली

बाजरी काढून झाली, दसऱ्याची आपट्याची पानं कोपऱ्यात वाळली, की आमच्या गावात भांड्यांचा आवाज वाढतो. परातीत डेचकी, डेचक्यात तांबे, तांब्यात चमचे. घर लहान करून पोत्यात कोंबायचं काम चालू असतं. नव्या सुतळीचा वास येतो. धार लावलेल्या कोयत्याचाही येतो. लोखंडाला वास असतो, हे ज्यांनी कापलं त्यांना ठाऊक आहे. कुत्र्यांना सगळ्यांच्या आधी कळतं. ती उंबरा सोडत नाहीत, पायात पायात येतात.

उसाचा हंगाम आला. पाथर्डीच्या आमच्या कोरड्या भागातून गाड्या भरभरून माणसं कारखान्यांकडं जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. मधल्या महिन्यांत गावात म्हातारी माणसं, शेळ्या आणि कुलपं. तीन वर्षांपासून मीही त्यांच्यातच आहे. वय झालं म्हणून अक्का जात नाही, असं लोक सांगतात. ते खोटं आहे. मी अजून दोन हंडे उचलून आणते.

लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी मी ऊस तोडायला गेले. त्यानंतर तिसाहून जास्त हंगाम गेले. नवरा असताना गेले, तो वारल्यावर धाकट्या भावाच्या टोळीत गेले. ऊस म्हटलं की लोकांना गोड आठवतं. मला हातावरची खाज आठवते, पाचटाची पाती गळ्याला घासून जाते ती आठवते, आणि पहाटेचं थंड पाणी आठवतं. कारखान्याच्या तळावर राहायला कोपी असते. चार बांबू, वर चटई, दाराला पोतं. त्या पोत्याला कडी नसते. आम्ही बाया अंधारातच अंघोळ उरकायचो. एकीनं लुगडं धरायचं, दुसरीनं तांब्या ओतायचा. बाळंतपणंसुद्धा त्या पोत्याआडच झाली, माझं एक आणि कौसाची दोन. मला जन्मात सोनं मागावंसं वाटलं नाही. आतून लावायची कडी मात्र मागावीशी वाटली.

कौसा म्हणजे माझी भावजय, नामाची बायको. आणि नामा म्हणजे माझा भाऊ. आई गेली तेव्हा तो रांगत होता. मी चौथीतून शाळा सोडली ती त्याला कडेवर घ्यायला. हे मी उपकार म्हणून सांगत नाही. घरात दुसरं कोणी नव्हतं. पण त्याच्या पायातला काटा काढला की तो कोणत्या बाजूनं रडतो, खोटं बोलताना कोणता कान खाजवतो, हे मला माहीत झालं. एवढं माहीत असलं की माणूस आपला आहे असं वाटायला लागतं. ती माझी चूक.

टोळीत माझं एक काम होतं. गाडी भरायची. आमच्याकडं पूर्वी टायरची बैलगाडी होती. मधे एकच आस, दोन चाकं, पुढं बैलांच्या मानेवर जू. ऊस कसाही रचला तरी ढीग सारखाच दिसतो, पण बैलाला कळतं. वजन फार पुढं आलं तर त्याची मान सोलून निघते. मागं गेलं तर गाडी उलाळते, म्हणजे मागून बसते आणि पुढून उचलते. मग गळ्यातला पट्टा बैलाचा गळा आवळतो, त्याचे पाय जमिनीवर नीट टेकत नाहीत, आणि मागचं धूड त्याला पाहिजे तिकडं ओढतं. म्हणून बैल जुंपायच्या आधी मी जू स्वतः उचलून बघायची. कमरेला कळ लागली पाहिजे, पण पाय हलता कामा नये. तेवढं वजन पुढं पाहिजे. हे मला कोणी शिकवलं नाही. एक बैल गुदमरताना पाहिला, तेव्हापासून कळलं. माझी गाडी कधी उलाळली नाही. दुसऱ्या टोळीतले लोक म्हणायचे, "अक्काचा हात लागलाय, आता झोपून हाका." मला त्याचा अभिमान होता. लपवून काय करू?

तीन वर्षांमागं नामानं जुना पिकअप घेतला, लहानसा, भाजीचे क्रेट वाहायला असतो तसला. त्या वर्षी हंगामाच्या तोंडावर तो एक दिवस पिकअपच्या मागं एक खोली जोडून घेऊन आला. रस्त्याच्या कामावर साहेब लोकांना बसायला चाकावरची पत्र्याची खोली असते, तसली. काम संपल्यावर ती भंगारात निघाली होती. लांबीला पिकअपच्या दीडपट, उंचीला त्याहून वर. दोन खिडक्या, मागच्या बाजूला दार. सगळं गाव जमलं. पारावरचा एकजण म्हणाला, "नामा, शेळीला नांगर जुपला का रं?" लोक हसले. नामाही हसला.

मला म्हणाला, "अक्का, चढ. दार लाव आतून."

मी चढले. दार ओढलं. कडी होती, लोखंडी, गंजलेली. मी ती लावली, काढली, परत लावली. बाहेर लोक बोलत होते आणि मी आत एकटी उभी होते. मला हुंदका आला नाही, मी तसली नाही. पण मी बराच वेळ बाहेर आले नाही. कौसा दार वाजवायला लागली, "वन्सं, आवो आमालाबी बघू द्या की!" मग आम्ही दोघी आत, आणि कडी लावून उगाच हसत बसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं. त्यानंतर कौसा माझ्याजवळ हसलेली नाही.

निघायच्या दिवशी सकाळी खोली भरली नामानं. मी भाकरीचं पीठ दळून आणायला गेले होते. आले तर बाजरीची पोती, पाण्याचा ड्रम, कोयत्यांची पेटी, जळण, सगळं मागं दारापाशी रचलेलं. पुढं मात्र मोकळं. तिथं त्यानं फळीचा पलंग केला होता, देवीचं कॅलेंडर टांगलं होतं, प्लास्टिकच्या फुलांचं तोरण लावलं होतं. खोलीच्या पुढं लांब लोखंडी दांडी होती, ती पिकअपच्या हुकात अडकवायची. खाली बघितलं तर मधे एकच आस आणि दोन चाकं. मला ती पत्र्याची बैलगाडीच दिसली. मी वाकले आणि दांडी उचलून बघितली.

एका हातानं वर आली.

"नामा," मी म्हटलं, "ही उलाळ झालीय. पोती पुढं घे."

"आगं, मुद्दाम मागं टाकलीत. पिकअप ल्हान हाय. पुढं वजन घातलं की त्याचं बूड बसतंय. आता बघ की, तुला एका हातानं उचलली! म्हंजी गाडीवर वजनच न्हाई."

"वजन गेलं कुठं मग? हवंत?"

"अक्का, ह्यो बैल न्हाई. इंजिन हाय."

"इंजिनाला चाकं हायत ना? ती जमिनीला टेकाया नगंत?"

त्यानं कान खाजवला. "दाराजवळ आसलं की उतरवाया सोपं पडतं," म्हणाला, आणि दांडी हुकात टाकली. आम्ही दोघंच होतो तिथं. कौसा चुलीपाशी, बाकीचे देवळात नारळ फोडायला. मी आणखी भांडायला पाहिजे होतं. पण आत कडी होती. मला जायचं होतं त्या खोलीतून. माझ्या वाटणीची चूक एवढी आहे, ती मी मोजून सांगते. याहून जास्त माझी नाही.

घाट चढलो. नगर मागं पडलं. ऊन छान पडलं होतं, दोन्ही बाजूंना ज्वारी पोटरीएवढी. कौसा दारापाशी पोत्यावर बसून लसूण सोलत होती. मी खिडकीला होते. पुढं एक मोठा उतार लागला. शेजारून एक ट्रक जोरात गेला, त्याचा वारा लागला आणि खोली हलली. आधी थोडी, झोपेत कूस बदलावी तशी. मग जास्त. मागचं टोक डावीकडं, उजवीकडं, परत डावीकडं, आणि पिकअपचं बूड त्याच्या उलटं. मी ओरडले, "नामा, बिरेक दाबू नको!" त्याला कुठलं ऐकू जातंय? त्यानं दाबला. मागच्या खोलीला थांबायचं माहीत नव्हतं. ती त्याच्यावर चढून आली आणि कडेला आडवी झाली.

कोणी मेलं नाही. हे पहिलं सांगायला पाहिजे होतं. ज्वारीत सगळीकडं पीठ सांडलं होतं, पांढरी माणसं पिकातून उठत होती. पण ड्रम कौसाच्या उजव्या मनगटावर पडला. हाड दोन ठिकाणी मोडलं आणि नंतर वाकडं बसलं. आमच्या टोळीत तिच्याएवढी वेगानं तोडणारी बाई नव्हती. कोयता तिच्या हातात असला की उसाचा आवाज वेगळा यायचा, सुपारी फुटल्यासारखा, एकसारखा. त्या हातात आता लाटणंसुद्धा राहत नाही.

टोळीचा मुकादम मोटारसायकलवर आला. गॅरेजवाला आला. गॅरेजवाल्यानं आत डोकं घालून बघितलं आणि म्हणाला, "समदं वजन मागं. शेपूट हाणनारच." मुकादम नामाकडं वळला. नामाच्या कपाळातून रक्त येत होतं. मला वाटलं, आता हा सांगेल.

नामा म्हणाला, "आमच्यात गाडी अक्का भरती. तीस वर्सं झाली. कुनालाबी इचारा."

कोणाला विचारायची गरजच नव्हती. सगळ्यांना ठाऊक होतं, गाडी अक्का भरते. माझ्याजवळ जी एकच गोष्ट होती तिचाच त्यानं दगड केला. वाईट नाव असलेल्या बाईवर आळ घ्यायलासुद्धा साक्षीदार लागतो. माझ्यावर घ्यायला लागला नाही. माझं चांगलं नावच त्याच्या बाजूनं साक्षीला उभं राहिलं. कौसा बांधावर बसली होती, मोडका हात मांडीवर घेऊन. तिनं माझ्याकडं बघितलं. कण्हत होती ती थांबली. "वन्सं," एवढंच म्हणाली, आणि मान फिरवली.

मी त्या वेळी का बोलले नाही, हे मला लोकांनी नंतर विचारलं. मला वाटलं, तो घाबरलाय. मुकादमासमोर आपली गाडी, आपलं काम जाईल म्हणून बोलला असेल. घरी गेल्यावर निदान बायकोला तरी सांगेल. लहानपणी मडकं फोडलं की तो आधी मांजरावर घालायचा, आणि दिवे लागले की येऊन माझ्या कानात खरं सांगायचा. मी दिवे लागायची वाट पाहिली. चार दिवस, मग महिना, मग तो हंगाम. मग मीच बोलले, तर लोक म्हणाले, "आता बोलतीस व्हय अक्का? त्या दिशी तोंड शिवलं व्हतं?" त्यांचंही बरोबर होतं. खरं शिळं झालं की खोट्यासारखंच लागतं.

पुढच्या वर्षी टोळी निघाली तेव्हा मुकादम दारात आला. चांगला बोलला. "मावशे, आता आराम करा." कौसानं सांगितलं होतं, वन्सं येणार असतील तर मी येत नाही. मी त्याला चहा केला. तो गेल्यावर कोयता काढला, त्याला तेल लावलं आणि आढ्याला खोचून ठेवला.

गाव रिकामं झालं की पहिले काही दिवस कानात आवाज राहतात. मग तेही जातात. शेळ्यांच्या घंटा, दूरवरची एसटी, एवढंच. मोकळ्या घरांच्या अंगणात चिमण्या येऊन बसतात. मी संध्याकाळी पायरीवर बसते. लोक म्हणतात एकटेपण वाईट. मला एकटेपणाचं काही नाही. पण उन्हाळ्यात टोळी परत आली की विहिरीवर कौसाशी गाठ पडते, तेव्हा ती डाव्या हातानं दोर ओढते आणि मी धरायला गेले तर सोडून देते. भरलेली बादली धाडकन खाली जाते. तो आवाज मला सोसत नाही. तिला वाटतं मी तिचा हात घालवला. ज्यानं घालवला त्याला ती गरम भाकरी वाढते. रोज.

नामा मला टाळतो असंही नाही. सणाला येतो, पाया पडतो, "अक्का, गोळी घेतीस का वेळेवर?" विचारतो. हेच मला समजत नाही. दगा देणारा माणूस तोंड लपवून फिरेल असं मला वाटायचं. तसं नसतं. तो तुमच्याकडं जेवतो, मीठ कमी आहे म्हणतो.

तीन वर्षं ती खोली त्याच्या घरामागं पडून होती. आत कोंबड्या बसायच्या. यंदा त्यानं पत्रा ठोकून घेतला, हिरवा रंग दिला, नवी टायरं टाकली. काल दुपारी सगळे देवळात गेले असताना तो माझ्या दारात आला. आत आला नाही. चौकटीला हात लावून उभा.

"अक्का, जरा येतीस का? घरामागनं ये."

गेले. खोली भरलेली होती, पिकअपला जोडलेली. बघताच कळलं. या वेळी त्यानं सगळंच्या सगळं पुढं कोंबलं होतं. पिकअपचं बूड जमिनीला टेकायला आलं होतं आणि नाक आभाळाकडं.

"आता पुढची चाकं हलकी झाली," मी म्हटलं. "वळवाया गेलास तर वळायची न्हाई."

"म्हनून तर तुला आनलं."

म्हणजे चूक कुठं झाली हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी सांगितलं ते त्या सकाळी त्यानं ऐकलं होतं, आणि शब्दन् शब्द लक्षात ठेवला होता. मी विचारलं, "कोन बसनार आत?"

"कौसा. आन् रूपा."

रूपा त्याची सून. तिची मुलगी तीन महिन्यांची आहे.

मी पदर खोचला. ड्रम आसावर घेतला. धान्याची पोती आसाच्या जरा पुढं, जळण मागं, पेटी मधे, दोन्ही बाजूंना सारखं. काही पिकअपमध्ये टाकलं, काही उतरवून ठेवलं. "हे न्यायचं न्हाई. गाडी ल्हान हाय, तिला तेवढंच घाल." तो गपचूप करत होता. हुक काढून मी दांडी उचलून बघितली. कमरेला कळ लागली, पाय हलला नाही. मग त्याला सांगितलं, उतारावर आधीच हळू हो, खोली हलली तर चाक सरळ धर आणि पाय सोड.

"व्हय, अक्का."

"आता माझं ऐक. उद्या निघायच्या आधी कौसाला खरं सांगायचं. चारचौघांत नगं. तिला एकटीला सांग."

"सांगतो."

"नामा."

"आईची आन घेतो, अक्का. सांगतो."

त्यानं कान खाजवला नाही. मी नीट बघत होते.

आज सकाळी टोळी निघाली. मी रस्त्याच्या पलीकडं उभी होते, आमच्याकडं निरोपाला लोक उभे राहतातच. धुकं होतं थोडं. कोणी कुत्र्याला भाकर घालत होतं, कोणी कुलूप ओढून बघत होतं. रूपा आत चढली. कौसा तान्ह्या नातीला डाव्या हातावर घेऊन पायरीपाशी आली आणि थांबली. आत बघितलं. पाय उचलला, परत खाली ठेवला. 

"कुनी भरली गाडी?" तिनं विचारलं.

नामा ड्रायव्हरच्या दारात होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. रस्ता काही रुंद नाही, मला त्याचे डोळे स्पष्ट दिसत होते. मी मान हलवली, बोल म्हणून.

"म्या भरली," तो मोठ्यानं म्हणाला. "एका पोत्याला कुनाला हात लावू दिला न्हाई. चढ तू बिनघोर."

मी तोंड उघडलं होतं. शब्द आला होता जिभेवर. पण मी बोलले असते तर कौसानं तिथंच सगळी पोती उतरवायला लावली असती, आणि मग ती परत कोणी आणि कशी रचली असती? तान्हं पोर तिच्या हातावर होतं. मी तोंड मिटलं. नामाला हे आधीच माहीत होतं. म्हणूनच त्यानं माझ्याकडं बघून सांगितलं.

कौसाचा जीव भांड्यात पडला. ती चढली. आतून कडी लावल्याचा आवाज आला.

पिकअप निघाला. मारुतीच्या देवळापाशी रस्ता वळतो आणि उतरतो, तिथं मी दोन पावलं पुढं झाले. नामा आधीच हळू झाला. खोली त्याच्या मागून सरळ गेली, मागचं टोक बोटभरसुद्धा हललं नाही. पारावरचा एकजण म्हणाला, "औंदा नामानं गाडी झकास भरली हां."

मी शेवटपर्यंत बघत उभी राहिले. नामानं आरशातसुद्धा मागं बघितलं नाही. त्याला गरज नव्हती. गाडी कोणी भरली आहे हे त्याला ठाऊक होतं.